मंगळवारची गाणी

१

चार वाजता रेडिओतून कुणा तरुण पुरुषाचा आवाज आला आणि भरारीबाईंचा कप ओठांपाशीच थांबला.

चारचा कार्यक्रम ताईंचा. सगळं शहर त्यांना ‘चारच्या ताई’ म्हणूनच ओळखायचं. त्या स्वतः गाणी निवडायच्या, दोन गाण्यांच्या मध्ये चार शब्द बोलायच्या, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, शेजारच्या खोलीतून आपलंच माणूस बोलतंय. आजचा आवाज मात्र वाण्याची यादी वाचावी तसा होता. यापुढे गाणी संगणक निवडेल, ताई या कार्यक्रमात नसतील, हे त्यानं एका दमात सांगितलं आणि गाणं लावून टाकलं.

बाईंना पहिल्यांदा काय वाटलं? पुढे हे आठवलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. पण पहिल्यांदा त्यांना चक्क बरं वाटलं. पत्राचा परिणाम झाला होता.

बाई परीक्षा मंडळात भरारी पथकाच्या प्रमुख होत्या. कुठल्या पोराच्या मोज्यात चिठ्ठी आहे हे त्यांना दारातून कळायचं. निवृत्त झाल्यावर पकडायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी रेडिओ धरला. बाई, केमिस्ट, शिंपी मास्तर आणि ऑपरेटरआजी अशा चौघांचं ‘कानसेन मंडळ’ निघालं. प्रत्येकानं वार वाटून घेतले. आपल्या वारी चारचा कार्यक्रम ऐकायचा आणि केमिस्टचा फोन आला की कुठली गाणी पुन्हा वाजली ते सांगायचं. तो टाइप करून ठेवायचा. सुरुवातीला सगळी गंमतच होती. मग आकडे फुगायला लागले, तशी बाईंमधली पथकप्रमुख जागी झाली. केंद्राला पत्र गेलं. ‘तीच ती गाणी वाजवणं हा श्रोत्यांचा अपमान आहे,’ हे त्यातलं वाक्य बाईंचं. खालची सहीही बाईंचीच.

बेल वाजली. दारात मध्यम वयाची, सावळी, दमलेली बाई उभी होती. बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“आत येऊ का?” ती म्हणाली, आणि बाईंनी तिला आवाजावरून ओळखलं.

ताई बसल्या नाहीत. “मला काढलं,” त्या म्हणाल्या. “तुमचं पत्र टेबलावर ठेवून काढलं.”

“हे बघा, गाणी परत परत वाजत होती, त्याला आमचा इलाज...”

“वादळ झालं तो मंगळवार आठवतो? तुमच्या पत्रात त्या दिवशी चार जुनी गाणी पुन्हा वाजल्याचं लिहिलंय.”

“मग?”

“त्या दिवशी दुपारीच मनोऱ्यावर झाड पडलं. केंद्र बंद होतं. मी स्टुडिओत मेणबत्ती लावून बसले होते, बाई. साहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, एखादा वार चुकला असेल, बाकीचे आहेत ना. पण मला तुम्हाला विचारायचंय. बंद रेडिओवर तुमच्या माणसांना गाणी ऐकू आली कशी?”

२

त्या मंगळवारी बाई स्वतः दाताच्या डॉक्टरकडे होत्या. केमिस्टनं टाइप केलेला कागद त्यांनी नंतर वरवर पाहिला होता. मोठा आकडा दिसला की त्यांना बरं वाटायचं, चिठ्ठी सापडल्यासारखं. तपासायचं मात्र डोक्यातच आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे खिसे तपासणाऱ्या बाईंनी स्वतःच्या सहीखाली काय आहे ते बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या केमिस्टच्या दुकानात शिरल्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी सरळ विचारलं, “ताईंशी तुमचं काय वाकडं होतं?”

केमिस्टचा चेहरा उतरला. खोकल्याच्या बाटल्या उगाच सरळ करत तो म्हणाला, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तुम्हीच आत्ता सांगितलंत.”

“कविता पाठवली होती मी,” तो अगदी हळू बोलला. “बायकोवर. ताईंनी ती वाचली आणि वाचता वाचता हसल्या. मुद्दाम नसेल, पण दुकानात त्या वेळी पाच माणसं होती, तीही हसली. पत्र टाइप करताना मला मजा आली, खोटं कशाला बोलू? पण आकड्यांना मी हात लावला नाही, बाई. जे फोनवर ऐकलं तेच उतरवलं.”

“मंगळवार कुणाचा?”

“ऑपरेटरआजींचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचेच. त्या घरीच असतात ना.”

बाईंचा विश्वास बसेना. तिथून त्या शिंप्याकडे गेल्या. मास्तर मशिनवर वाकलेले होते, तोंडात टाचण्या.

“मास्तर, वादळाच्या मंगळवारी रेडिओ लावला होतात का?”

मास्तरांनी टाचण्या काढल्या. “माझी पाळी नव्हती, पण लावला होता की. नुसती खरखर. मला वाटलं सेट गेला. चार थपडा मारल्या बिचाऱ्याला.”

“मग कागद वाचताना बोलला का नाहीत?”

“तुम्ही तो कागद एवढ्या जोरात वाचून दाखवलात,” मास्तर चाचरत म्हणाले, “की मला वाटलं, माझंच काही चुकत असेल.”

बाईंनी सगळे कागद पुन्हा काढले. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि त्यांच्या स्वतःच्या रविवारी एखाददुसरं गाणं परत आलेलं. बाकी सगळा फुगवटा तीनच वारांचा होता, आणि ते तिन्ही वार एकाच बाईचे होते.

३

ऑपरेटरआजींनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला होता. म्हातारपणी डोळे गेले, पाय गेले. राहिला तो कान. मुलगा, सून आणि नात अशा घरात त्या राहायच्या. पूर्वी त्यांची कॉट पुढच्या खोलीत, खिडकीपाशी होती. नातीच्या अभ्यासाचं वर्ष सुरू झालं तेव्हापासून ती मागे गेली.

बाई केमिस्टला आणि मास्तरांना घेऊनच गेल्या. साक्षीदारांशिवाय कारवाई करायची नाही, ही जुनी सवय. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. एका भिंतीला ट्रंका रचलेल्या, दुसऱ्या भिंतीपलीकडे लिफ्ट घरघरत वर-खाली करायची. कॉटच्या उशाला जुना लाकडी रेडिओ आणि एक फोन. केमिस्टला दुकानातून फोन येणार होता, पण मोबाइलला रेंज मिळेना म्हणून तो दोनदा जिन्यात जाऊन आला. मास्तरांनी कौतुकानं रेडिओकडे हात नेला, तशी सून चहाचा ट्रे घेऊन जवळजवळ धावत आली.

“त्याला हात नका लावू हं. बटण सैल झालंय.”

“आजी,” बाईंनी सुरुवात केली. हा आवाज त्यांनी वर्षानुवर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये वापरला होता. “वादळाच्या मंगळवारी तुम्ही चार गाणी ऐकलीत?”

“ऐकली,” आजी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहुणे आल्यानं उजळला होता.

“त्या दिवशी केंद्र बंद होतं.”

लिफ्ट खाली गेली.

“तुम्ही मनानं गाणी सांगत राहिलात आणि आम्ही ती लिहीत राहिलो. त्या यादीचं पत्र केंद्राला गेलं आणि ताईंची नोकरी गेली. माझ्या हाताखालून हजारो पोरं गेली, आजी. चिठ्ठी सापडल्यावर तीसुद्धा खाली बघायची. तुम्ही निदान कबूल तरी करा.”

“नोकरी गेली?” आजींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. “कुणाची? कशामुळे?”

“ते मी आत्ताच सांगितलं.”

“मी खोटं नाही गं सांगितलं,” आजींचे हात गोधडी चाचपायला लागले. “दुसऱ्या गाण्यानंतर ताई मध्येच हसली. म्हणाली, माफ करा, खिडकीतून मांजर आलंय आणि माझ्या कागदांवरच बसलंय. ते...”

आजी एकदम थांबल्या. दारातल्या सुनेच्या हातातली कपबशी वाजली.

केमिस्ट हसला. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी छताकडे बघितलं.

“बंद केंद्रात मांजर,” बाई म्हणाल्या.

“मग माझे कान गेले असतील,” आजी हळूच म्हणाल्या. “डोळे गेले तसे. उद्यापासून मला फोन करू नका.”

चहा तसाच ठेवून तिघं निघाली. जिना उतरताना बाईंची मान ताठ होती.

४

ती ताठ मान त्यांनी ताईंच्या घरापर्यंत नेली. ताई पुठ्ठ्याच्या खोक्यातून स्टुडिओतलं सामान बाहेर काढत होत्या.

“सापडलं,” बाई म्हणाल्या. “म्हातारीनं मनानं रचलं सगळं. वर एक मांजरही घातलंन त्यात.”

“मांजर?” ताईंचा हात खोक्यातच राहिला.

“खिडकीतून आलं म्हणे, तुमच्या कागदांवर बसलं.”

ताई खाली बसल्या. “ते आलं होतं,” त्या म्हणाल्या. “करड्या रंगाचं. मी कार्यक्रम चालू असताना हसले म्हणून साहेबांनी समज दिली होती मला. पण ते उन्हाळ्यात, बाई. वादळाच्या कितीतरी आधी.”

“तुम्ही कुणाला सांगितलं असेल. कानोकानी आजींपर्यंत गेलं असेल.”

“तिनं आणखी काही सांगितलं का? कधी आलं मांजर?”

“दुसऱ्या गाण्यानंतर.”

ताईंनी डोळे मिटले. “बरोबर. दुसऱ्याच गाण्यानंतर.”

चिठ्ठी बघून लिहिलेलं उत्तर आणि येत असलेलं उत्तर यांतला फरक बाईंना दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळायचा. रचून सांगणारा माणूस गाणी रचेल. मांजराची जागा कशी रचेल? आजींनी ते ऐकलं होतं. खरं, जसंच्या तसं. फक्त त्या दिवसाचं नव्हतं ते.

आणि आपण त्यांना, त्यांच्याच घरात, दोन माणसं साक्षीला नेऊन, खाली बघायला सांगितलं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांना.

“पाणी देऊ का?” ताईंनी विचारलं.

“नको,” बाई म्हणाल्या. “तुमच्या घरचं पाणी प्यायची माझी लायकी नाही आज.”

घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि स्वतःशीच एकेक गोष्ट जुळवत गेल्या. खिडकी नसलेली खोली. भिंतीपलीकडे लिफ्टची मोटर. केमिस्टच्या मोबाइलला रेंज नाही. उघड्या रस्त्यावरच्या दुकानात मास्तरांचा रेडिओ जरा ढग आले की खरखरतो, मग त्या कोंदट खोलीत आजींना प्रत्येक गाणं, प्रत्येक हसू इतकं स्वच्छ कसं ऐकू येतं? आणि नुसतं बटणच सैल असेल, तर सून एवढी धावत का यावी, मांजराचं नाव निघताच तिच्या हातातली कपबशी का वाजावी?

त्या रेडिओत रेडिओ नव्हताच.

५

आजींचा मुलगा फरशांच्या दुकानात काम करायचा. बाई गेल्या तेव्हा तो एका जोडप्याला स्वयंपाकघराच्या फरशा दाखवत होता. बाईंना बघून त्याच्या हातातला नमुना निसटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. जोडपं दुसरीकडे वळलं.

“रेडिओत काय घातलंय?” बाईंनी विचारलं. हॉलमधला आवाज त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला होता.

त्यानं तुकडे गोळा केले. बराच वेळ लागला त्याला.

“स्पीकर,” तो अखेर म्हणाला. “मेमरी कार्डवाला. आई पुढच्या खोलीत होती तेव्हा मी ताईंचे कार्यक्रम मोबाइलवर घेऊन ठेवायचो, दुकानात ऐकायला. तिला मागे नेलं तर तिथं नुसती खरखर. अँटेना लावून बघितली, तार ओढून बघितली. काही म्हणजे काही येईना.”

“मग तिला तसं सांगायचं.”

“काय सांगायचं?” तो एकदम तापला आणि लगेच विझला. “तिला मागे नेताना मी म्हटलं होतं, आई, तुला काय फरक पडतो, तुला खिडकी दिसत थोडीच आहे. ती म्हणाली, हो रे, रेडिओ आला की झालं. आणि रेडिओच येईना. मग कुठल्या तोंडानं सांगू? बातम्या, वेळ, तारीख, सगळं कापून मी कार्ड बनवलं. बायको चारला बटण दाबते. माझ्याकडे कार्यक्रम मोजकेच होते. तेच फिरत राहिले.”

“ताईंची नोकरी गेली हे माहीत आहे?”

“रेडिओवर नवा आवाज ऐकला तेव्हा कळलं. तुमचं पत्र, तुमच्या मंडळाचे आकडे, हे तुम्ही घरी येऊन गेल्यावर बायकोनं सांगितलं.” त्यानं बाईंकडे बघितलं नाही. “दोन दिवस झाले, घरी गेल्यावर आईच्या खोलीत जायची हिंमत होत नाही माझी.”

बाई त्याला बरंच काही बोलायचं ठरवून आल्या होत्या. एका फरशीवर त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि त्या तशाच मागे फिरल्या.

६

या वेळी बाई एकट्या गेल्या. सुनेनं दार उघडलं आणि न विचारता बाजूला झाली.

“बसा बाई,” आजी म्हणाल्या. “माझ्या मुलाकडे गेला होतात ना?”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. सकाळी दुकानातून सुनेला फोन आला, तेव्हापासून ती चोरपावलांनी चालतेय.”

बाई ट्रंकेवर बसल्या. माफीची वाक्यं त्यांनी वाटेत पाठ केली होती, पण सुरुवात भलतीकडूनच झाली. “आजी, त्या रेडिओबद्दल...”

“माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“पहिल्या आठवड्यापासून. आख्खा जन्म तारेवरचे आवाज ऐकले मी. समोरचं माणूस बोलतंय की टेप, हे मला कळणार नाही?” आजी हसल्या, पण हसू टिकलं नाही. “पोरानं एवढी खटपट केली, आईला कळू नये म्हणून. मग मी कळल्याचं दाखवून त्याला कशाला खाली बघायला लावू?”

“मग आम्हाला गाणी का सांगत राहिलात?”

आजींनी उशाचा फोन जवळ ओढला. त्यांची बोटं फोनच्या वायरीवरून फिरत होती.

“केमिस्ट फोन करायचा,” त्या म्हणाल्या. “दिवसभरात माझ्यासाठी तेवढाच वाजायचा हा. ऐकण्यासारखं काही नाही म्हटलं असतं, तर तोही बंद झाला असता. मला वाटलं, मोजणं हा आपला विरंगुळा. पत्र पाठवलंत, हे मला कुणी सांगितलं होतं?”

कुणीच नाही. पत्राचं मास्तरांच्या दुकानात ठरलं होतं. आजींना जिना उतरता येत नाही, म्हणून त्यांना कळवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

“त्या दिवशी तुम्ही बोललात तेव्हा कळलं की कुणाच्या तरी पोटावर आलंय. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं मी. पण सून दारात उभी होती. मांजर तोंडून निसटलं, तेही गिळता आलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हटलं, कान गेले म्हणावं. म्हातारीचे कान गेले, याचं कुणाला काही वाटत नाही.”

बाईंनी आजींचा हात धरला.

“मी चुकले, आजी. तुम्हाला चौघांत बोलले, तर चौघांत माफी मागेन.”

“माझं राहू दे गं. त्या पोरीचं बघ. मला ने केंद्रावर, मी सांगते त्यांना सगळं.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “सही माझी आहे.”

दारात सून पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्या मागे मुलगाही होता. दुकानातून तो लवकर निघून आला असावा. आजींनी त्या दिशेला मान वळवली आणि त्याला त्याच्या लहानपणच्या लाडक्या नावानं हाक मारली. तो आत आला आणि कॉटच्या कडेला बसला. बाई उठून बाहेर गेल्या. तिथं आता त्यांचं काही काम नव्हतं.

७

केंद्रप्रमुखांना ताईंना काढायला फक्त निमित्त हवं होतं, आणि ते बाईंनी सहीनिशी पुरवलं होतं. ताईंना परत घ्यायला साहेब तयार होईनात.

“माणसं विसरतात हो,” ते म्हणाले. “कशाला उकरून काढता?”

“मी नाही विसरणार,” बाई म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या दिवशी मास्तर मशिन बंद करून आले, केमिस्ट दुकान मेहुण्यावर टाकून आला. एवढी माणसं कॉरिडॉरमध्ये बघून साहेब वैतागले. कार्यक्रम संगणकाकडेच राहील, पण रविवार ताईंना देतो म्हणाले. आणि बाईंना रेडिओवर माफी मागायला एक मिनिट.

दरम्यान आजींची कॉट पुढच्या खोलीत खिडकीपाशी आली होती. नातीचं टेबल तिच्या पायथ्याशी कसंबसं बसवलं होतं. बाईंनी केमिस्ट आणि मास्तरांना तिथं नेऊन, दोघांच्या देखत आजींची माफी मागितली होती. ती माफी त्यांना जमली होती. ही जमेल की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

काचेच्या खोलीत त्यांना एकटीला बसवलं. समोर मायक्रोफोन. लाल दिवा लागला. घराघरांत, दुकानांत, दवाखान्यांत लोक ऐकत असतील. त्यांत एखादा असाही असेल, ज्याच्या मोज्यातली चिठ्ठी बाईंनी भर वर्गात वर धरून दाखवली होती.

“चारच्या ताईंनी तीच ती गाणी लावली, असं पत्र मी केंद्राला पाठवलं,” बाई म्हणाल्या. “ते खोटं निघालं. ज्यांनी गाणी मोजली त्यांचा दोष नाही. मी न तपासता सही केली. दुसऱ्याची चूक सापडली याचा मला इतका आनंद झाला होता, की ती खरंच चूक आहे का, हे मी पाहिलंच नाही. ताईंची मी...” साहेबांनी काचेपलीकडून घड्याळाकडे बोट केलं. “क्षमा मागते,” बाई घाईघाईनं म्हणाल्या, आणि दिवा विझला.

त्या बाहेर आल्या तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाला ताई उभ्या होत्या. रविवारच्या गाण्यांचे कागद हातात होते. बाई त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या. मान वर करवेना.

ताईंनी कागद काखेत धरले. मग त्यांनी बाईंच्या खांद्यावरची पर्सची पट्टी घसरत होती, ती नीट केली.

“फार भरभर बोललात,” त्या म्हणाल्या. “मायक्रोफोनसमोर सावकाश बोलायचं असतं.”